जमनाची सातवी प्लेट

जमना तांडेलला मी पहिल्यांदा पाहिलं ते पिवळ्या उजेडात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणारा एक छापखाना आहे, त्याच्या प्लेटा करायच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती, दिवे सगळे पिवळे, आणि हातमोजे घातलेल्या दोन बायका कामात होत्या. मी आत पाऊल टाकलं तशी त्यांतली उंच बाई म्हणाली, "मोबाइल बाहेर ठेवा."

मी कोण, कशाला आलो, हे तिनं विचारलं नाही. दाराबाहेर प्लास्टिकचा एक डबा होता, त्यात सगळ्यांचे मोबाइल पडलेले होते. माझा त्यात टाकून मी परत आलो, मग तिनं नमस्कार केला.

मी पालघरच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर माहीम रस्त्यावरच्या घराच्या मागच्या पडवीत हातानं फिरवायचं छापयंत्र बसवलं. जस्ताचा पत्रा आम्लात बुडवून कोरायचा, कोरलेल्यात शाई भरायची आणि ओलसर कागदावर ठसा घ्यायचा, हे माझं जुनं वेड. पुढे छातीत घरघर सुरू झाली आणि डॉक्टरांनी आम्ल बंद करायला लावलं. तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, हल्ली उजेडानं कोरतात. पत्र्यावर एक थर असतो. त्यावर ऊन पडलं की तो टणक होतो, सावली राहिली तिथं मऊच राहतो, आणि साध्या पाण्यात ब्रश फिरवला की मऊ भाग निघून जातो. खोकी छापायला अशाच प्लेटा लागतात. कापून उरलेले तुकडे मिळतील का, हे विचारायला मी त्या छापखान्यात गेलो होतो.

मालक धर्मेशभाई भला माणूस. म्हणाले, "जमनाबेनला विचारा. वेस्टेज तिच्याच ताब्यात असतं."

जमनानं तुकडे काळ्या कागदात गुंडाळून दिले. मग विचारलं, "याचं तुमी काय करता?"

"चित्र छापतो."

"कुठल्या खोक्यावर?"

"खोक्यावर नाही. नुसतं कागदावर."

तिनं जरा विचार केला. "मग ते जातं कुठं?"

मी म्हटलं, "एखाद्या रविवारी या, बघा."

ती खरंच आली. सोबत तिची मुलगी दिशा होती. दिशा पालघरला नर्सिंग शिकत होती आणि वसतिगृहात राहायची. जमना एडवणची. रोज सकाळी गाडी पकडून सफाळ्याला यायची, तिथून बोईसर. त्या दिवशी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून एक सुकी वाकटी आणली होती, पट्ट्यासारखी लांब चपटी मासळी. "ही चालंल?" म्हणाली. मी प्लेट दिली, तिनं वाकटी प्लेटवर आडवी ठेवली, वर काच दाबली आणि अंगणात उन्हात नेली. मी घड्याळ बघत होतो. तिनं घड्याळाकडे बघितलंही नाही. काचेवर तळवा टेकून उभी राहिली आणि तिच्या मनानं झालं तेव्हा उचलली. माझ्या हिशेबानं दहा सेकंद आधी. ठसा मात्र असा उतरला की वाकटीचा एकेक काटा मोजून घ्यावा.

कागद उलटून ती बराच वेळ बघत राहिली. "आमच्याकडे अक्षर वर उठतं," ती म्हणाली. "इथं खाली जातं."

"हो. उलटं आहे."

"म्हणजे जिथं सावली पडली तिथं खड्डा. आणि शाई बसते खड्ड्यात."

"हो."

"बरोबर हाय," ती म्हणाली. त्या म्हणण्यात आश्चर्य नव्हतं.

तिची हकीकत मला पुढच्या काही रविवारी तुकड्यातुकड्यांनी कळली. थोडी दिशाकडून, थोडी तिच्याकडून.

तिचा नवरा रामा लहानशा बोटीचा नाखवा होता. त्याच्यासह चार माणसं जायची, त्यांत जमनाचा धाकटा भाऊ प्रदीपही असायचा. मी तिला भेटलो त्याच्या सहा वर्षं आधी, घटस्थापनेला आठ दिवस असताना, सकाळच्या वेळी ही बोट उलटली. त्यांची डोल, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं पिशवीसारखं मोठं जाळं, चिखलानं भरली होती. ओढताना बोट एका अंगाला कलली आणि पाणी आत शिरलं. जवळच्या बोटीनं तिघांना उचललं. रामा सापडला नाही. एडवणच्या आणि आसपासच्या गावांच्या बोटी चार दिवस फिरल्या. एक चप्पलसुद्धा मिळाली नाही.

अशा वेळी डोल कापून टाकायची असते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. रामाकडे कोयता होता. त्यानं ती का कापली नाही, हा प्रश्न गावानं प्रदीपला पुन्हापुन्हा विचारला. प्रदीप एकच सांगायचा, "हातात कोयता घेतलेला. फोन लावत होता. मग कोयता ठेवला." पुढं बोलायचा नाही. त्यानं समुद्र सोडला. बोईसरला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला आणि एडवणला येईनासा झाला.

रामाची आई मैनाबाई तेव्हा सत्तरीची. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या पोराला मेलेला कोणी बघितलाय? नाय ना? मग रडता कशाला?" घरात रडायला बंदी झाली. दहावं नाही, तेरावं नाही, भिंतीवर फोटो नाही. दोन्ही वेळेला मैनाबाई त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि नंतर तेच थंड जेवण स्वतः जेवायची. जमनानं टिकली काढली तर सासू ओरडायची, लावली तर गाव बघायचं. सहा वर्षं ती टिकली लावून छापखान्यात जात होती. सफाळ्याच्या स्टँडवर बायका तिच्या कपाळाकडे आधी बघायच्या, मग बोलायच्या.

एका रविवारी तिनं मोबाइलवर मला फोटो दाखवला. नारळी पौर्णिमेचा, बोटीला पताका लावलेल्या, भर दुपारचं ऊन. रामा टोपी घालून बोटीच्या टोकाशी उभा. दिशानं काढलेला होता. "याची करू का?" जमनानं विचारलं.

"घरी चालेल?"

"घरी न्यायची नाय. इथंच ठेवीन."

छापखान्यातल्या मशीनवर तिनं फोटोची पारदर्शक फिल्म करून आणली. प्लेट उन्हात धरली, धुतली, सुकवली, शाई भरून पुसली, आणि मी चाक फिरवलं. जमनानं कागद उचलून उजेडाकडे धरला. जबडा होता, मिशी होती, गळ्यातला काळा दोरा होता, टोपीवरची शिवणसुद्धा होती. डोळे नव्हते. टोपीच्या सावलीत, जिथं डोळे असायचे, तिथं दोन पांढरी भोकं होती.

का ते मला समजलं होतं. टोपीखाली सावली इतकी दाट होती की तेवढा भाग धुताना पूर्ण निघून गेला. खड्डा रुंद आणि गुळगुळीत झाला की शाई त्यात थांबत नाही, पुसताना फडक्याबरोबर निघून येते. मी सांगायला तोंड उघडलं, पण जमनानं प्लेट उचलून पाठीमागे ठेवून दिली. "परत करते," म्हणाली. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस मी, पण तिच्या हातात प्लेट असताना शिकवायची मला लाज वाटायची.

तिनं परत केली. दुसऱ्या खेपेला उन्हात जास्त वेळ ठेवली, तिसऱ्या खेपेला कमी. चौथीला ब्रश न वापरता नुसत्या बोटांनी धुतली. चेहरा दर वेळी थोडा वेगळा यायचा, कधी म्हातारा, कधी हसल्यासारखा. अशा सहा प्लेटा झाल्या, डोळे एकदाही आले नाहीत.

मधे एकदा ती चिमीला घेऊन आली. चिमी म्हणजे त्या पिवळ्या खोलीतली दुसरी बाई, मनोरच्या वरच्या डोंगरपाड्यातली. तिचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, धुरकट. जमनानं त्यावरून प्लेट केली. म्हातारा असा उतरला की आत्ता काहीतरी विचारेल. चिमीनं पटकन पदर त्याच्यावर टाकला.

"याचे कसे आले?" जमना म्हणाली.

चिमी तिच्याकडे न बघता बोलली. "आमी त्याला मातीत ठेवला. त्याला भात घातला, त्याच्या नावानं रात जागवली. तुमी तुमच्या माणसाचं काय केलं? काहीच नाय केलं. मग तो कुठून बघंल?"

चिमीच्या बापाचा ठसा जमनानं दोन पुठ्ठ्यांमधे नीट बांधून दिला.

खरं सांगायचं तर तोवर मलाच त्रास व्हायला लागला होता. रामाचे सहा ठसे सुकायला पडवीतल्या दोरीवर लटकत होते. दुपारी मी कागद कापत बसलो की मानेवर काहीतरी जाणवायचं. मी देवभोळा नाही. पण डोळे नसलेलं माणूस आपल्याकडे बघू शकत नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या पडवीत स्वतःला समजावता येईना. एके दिवशी मी सहाच्या सहा ठसे काढले आणि खणात पालथे घालून ठेवले.

रविवारी जमना आली तेव्हा तिनं रिकामी दोरी बघितली. मी ओशाळलो आणि एकदाचं सांगून टाकलं. "जमनाबाई, डोळे येतील. आधी बारीक टिपक्यांची फिल्म ठेवायची, तिच्यावर एकदा ऊन द्यायचं, मग रामाची फिल्म. टिपक्यांमुळे खड्ड्याला तळाशी खरखर येते. शाई धरून राहते."

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"सर, अठरा वर्षं टिपके मारतेय मी. गोळ्यांच्या खोक्यांवरचे फोटो टिपक्यांचेच असतात. मला ठाऊक नाय व्हय?"

"मग?"

ती पडवीच्या पायरीवर बसली. पिशवीतून काढलेल्या हातमोज्याची बोटं ओढत राहिली.

"त्या दिवशी माझी प्लेट पाण्यात होती," ती म्हणाली. "मोठी प्लेट, चार खोक्यांची. बाहेर डब्यात मोबाइल वाजला. खोलीत कुणाचा वाजतो ते कळतं. माझी रिंग मला कळली. चिमी म्हणाली, जा, घे. मी म्हटलं, प्लेट फुकट जाईल. परत वाजला. मी म्हटलं, दिशाचा असंल, वहीबिही हवी असंल. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी ब्रश खाली ठेवलेला. मग थांबला तो."

तिनं हातमोजा मांडीवर सपाट केला.

"जेवायच्या सुट्टीत बघितलं. तीन कॉल. दहा सत्तेचाळीस, दहा एकोणपन्नास, दहा पन्नास. मी लावला तेव्हा बंद."

"तुम्हाला काय माहीत..."

"सगळे हेच बोलतात. तुमाला सांगितलं नाय म्हणून तुमी बोलायचे बाकी राहिलेले." ती उठली. "डोळे आले तर तो बघंल ना सर. काय विचारील ते मला ठाऊक हाय. म्हणून टिपके नाय मारले."

त्या दिवशी ती तशीच गेली. पुढचे तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली ती दिशाला घेऊन, आणि पिशवीत टिपक्यांची फिल्म होती.

सातवी प्लेट तिनं केली तेव्हा मी लांब बसलो होतो. तिनं आधी टिपके दिले, मग रामा. ऊन कडक होतं. धुताना पाणी कोमट घेतलं आणि ब्रश इतका हलका फिरवला की झोपलेल्या पोराचं अंग पुसावं. पुसायला आधी फडकं, मग वर्तमानपत्र, मग उघडा तळवा. डोळ्यांवरून तळवा फिरवताना ती थांबली, श्वास घेतला, फिरवला. चाक मात्र मला म्हणाली, "तुमीच फिरवा."

कागद तिनं एका कोपऱ्यापासून उचलला. डोळे आले होते.

लहान, उन्हानं बारीक झालेले, थकलेले डोळे. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. फोटो काढणाऱ्याच्या किंचित बाजूला, मागे कुठंतरी बघत होते. जमना कागद इकडून तिकडे फिरवत राहिली, जणू कुठूनतरी नजर जुळेल. जुळली नाही.

"माझ्याकडे नाय बघत तो," दिशा म्हणाली. "माझ्या मागे आजी उभी होती. तिच्याकडे बघतोय."

जमनानं दोन पुठ्ठे मागितले. "घरी नेते."

मीही सोबत गेलो. ठसा ओला होता, आडवाच न्यायला हवा होता, म्हणून रिक्षा केली. सगळा रस्ता जमनानं तो दोन्ही हातांवर परातीसारखा धरला होता. एडवणला पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. मैनाबाई ओटीवर सुके बोंबील निवडत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, म्हणून जमनानं ठसा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आये, बघा."

म्हातारीनं तोंड कागदाजवळ नेलं. मग बोट लावलं. अशा ठशात शाई कागदावर किंचित उंच उभी राहते, बोटाला लागते. तिचं बोट टोपीवरून उतरलं, डोळ्यांवर आलं आणि थांबलं. बोटाला शाई लागली.

"कुणाकडे बघतोय?" तिनं विचारलं.

बोट तिनं तिथंच ठेवलं.

"माझ्याकडे बघतोय," ती म्हणाली. "मला पण आलेला."

"काय आलेला?" जमना म्हणाली.

"फोन."

मैनाबाईकडे बटणांचा साधा फोन होता, कमरेला पिशवीत बांधलेला. तिचा फोन तपासायचं गावात कुणालाच सुचलं नव्हतं.

"म्हणाला, आये, डोल चिखलानं भरलीय, हलत नाय. बोट कलते. कापू का?" म्हातारीचा आवाज अगदी सरळ होता, जणू बाजारातली गोष्ट सांगतेय. "ती डोल मी विणलेली. सगळा पावसाळा मान मोडून. डोळे गेले माझे तिच्यात. मी म्हटलं, कापू नको रे. जोर लावा, ओढा, येईल. तो म्हणाला, बरं."

समोर दोरीवर कावळा बसला होता, तो उडून गेला.

"बरं म्हणाला आणि ठेवला," मैनाबाई म्हणाली.

जमना ओटीच्या खांबाला धरून उभी होती. मला वाटलं ती ओरडेल, म्हातारीला काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "तुमी उचललात."

"उचलला."

"मी नाय उचलला."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला नीट दिसत नव्हतं. मग जमना मागच्या दारी गेली आणि भांडी घासायचा आवाज येऊ लागला. घासलेली भांडी ती परत घासत होती. मी आणि दिशा ओटीवर बसून तो आवाज ऐकत होतो. म्हातारीनं शाईचं बोट पुसलं नाही.

अकरा दिवस जमना सासूशी बोलली नाही. जेवण करून पुढ्यात ठेवायची, आंघोळीचं पाणी काढायची, औषध द्यायची, शब्द मात्र नाही. छापखान्यात त्या आठवड्यात तिच्या हातून प्लेट बिघडली, अठरा वर्षांत पहिल्यांदा, असं चिमीनं मला सांगितलं. तिनं एक प्लेट धुवायला घेतली आणि ती पार कोरी होईपर्यंत धूतच राहिली.

बाराव्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना मैनाबाई तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "जमने, त्याची क्रिया करा. मी अडवून ठेवलाय त्याला. आत पण येता येत नाय, बाहेर पण जाता येत नाय."

जमना वळली. "मी पण अडवलाय," ती म्हणाली. एवढंच दोघींचं बोलणं झालं.

माणूस सापडला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. एडवणच्या किनाऱ्यावर, ओहोटीला, सकाळी आठच्या सुमारास ते झालं. भटजींनी दर्भाचं अंग बांधलं, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मैनाबाई म्हणाली, "तोंड पायजे."

"नारळ चालतो, आजी. शास्त्रात तसंच आहे."

"नारळ कुणाचा पण असतो," ती म्हणाली. "तोंड पायजे त्याला."

जमनानं पुठ्ठे सोडले. सातव्या प्लेटचा तो एकुलता एक ठसा तिनं नारळावर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दर्भाच्या दोऱ्यानं बांधला. अंग गवताचं आणि वर रामाचा चेहरा, आकाशाकडे डोळे. जमलेल्यांतल्या दोनतीन बायका मागे सरकल्या.

प्रदीप आला होता. लांब, सुरूच्या झाडांशी, वॉचमनच्या गणवेशातच उभा होता. मैनाबाईनं दिशाला विचारलं तो कुठं आहे, आणि दिशाचा हात धरून वाळूतून त्याच्यापर्यंत चालत गेली. सगळं गाव बघत होतं. तिनं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी सांगितलं म्हणून कापली नाय त्यानं. तुझं काय चुकलं नाय."

प्रदीप खाली वाळूत बसला. "मी ऐकलेलं, मावशी," तो म्हणाला. "मी बाजूलाच होतो. आये बोलला तो. मला ठाऊक होतं."

सहा वर्षं गाव त्याला विचारत होतं आणि म्हातारीचं नाव येऊ नये म्हणून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मैनाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

अग्नी दिशानं दिला. गवत भुरकन पेटलं. कागद जाड, कापसाचा होता, लगेच धरला नाही. कडेनं काळा होत आत येत गेला. तेलाच्या शाईचा धूर गवताच्या धुरापेक्षा काळा असतो, तो वेगळा दिसत होता. जमना शेवटपर्यंत अगदी जवळ उभी होती, इतकी की भटजींनी तिला दोनदा मागे सरायला सांगितलं. संपलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं टिकली काढली आणि ओल्या वाळूत दाबली.

मैनाबाई त्यानंतर दहा महिने जगली. ताट झाकून ठेवायचं तिनं बंद केलं, पण डोल विणणाऱ्या बायकांच्या बाजूनं जाताना तोंड फिरवायची. शेवटचे काही दिवस तिला दिसतच नव्हतं. जमना तिला भरवायची. म्हातारी मधेच विचारायची, "आला का?" आणि लगेच स्वतःच म्हणायची, "नाय, नाय. आपण पाठवला त्याला." गेली तेव्हा खांदा द्यायला प्रदीप होता.

दिशा आता पालघरच्या एका दवाखान्यात लागली आहे. धर्मेशभाईंनी नवीन मशीन आणलं, त्याला फिल्म लागत नाही. पिवळी खोली तशीच आहे आणि जमना अजून तिथंच आहे, फक्त मोबाइलचा डबा तिनं दाराच्या आत आणून ठेवला. धर्मेशभाईंनी हटकलं नाही. रविवारी ती माझ्याकडे येते, खेकड्याच्या नांग्या, शेवाळ, सुरूची फळं घेऊन. चिमीही कधीकधी येते. सातवी प्लेट माझ्या खणात आहे. मी एकदा विचारलं होतं, आणखी एक ठसा काढायचा का. तिनं खण हलकेच लावून घेतला, मी पुन्हा विचारलं नाही. इतर सहा ठसे तिनं घरी नेले. त्यांचं काय केलं, ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात ती कागद भिजवत होती, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आता घर शांत आहे ना?"

"येतो तो," ती म्हणाली. पाण्यातून हात काढला नाही. "आधी यायचा तेव्हा पाठ करून बसायचा. आता तोंड करून बसतो."

"भीती वाटते?"

"वाटते." तिनं कागद उचलला आणि निथळायला धरला. "पण तो बघतो तेव्हा मी पण बघते. खाली नाय बघत." पाणी कागदाच्या टोकाशी जमून ठिपकत होतं. ते थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "शाई काढा सर, कागद सुकंल."